सोय, गोपनीयता आणि स्वदेशी

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने देशातील मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. ग्राहकांच्या गोपनीयतेचा आम्ही आदर करतो, असे त्यांत ठासून सांगितले होते. ४० कोटींहून अधिक भारतीयांच्या खिशात थेट पोहोचणाऱ्या कंपनीला आपला खुलासा छापील कागदावर करावा लागला, ही गंमतच म्हणायची! कारण तसेच होते. नवे धोरण मान्य करा, अन्यथा सेवा सोडा, असा तिचा आधीचा पवित्रा होता. युरोपातील ग्राहकांना मात्र तेथील कडक कायद्यामुळे वेगळी वागणूक मिळत होती.

तेव्हा लाखो लोक ‘सिग्नल’कडे धावले. ती गर्दी इतकी होती की १५ जानेवारीला सिग्नलची यंत्रणाच कोलमडली. पुढे काय झाले, हे घरोघर ठाऊक आहे. मुलाने वडिलांच्या फोनवर नवे अॅप घालून दिले. पण सोसायटीचा गट, शाळेच्या सूचना, डॉक्टरांचे रिपोर्ट, अमेरिकेतल्या नातवाचे फोटो, सारे जुन्याच ठिकाणी येत राहिले. महिन्याभरात नवे अॅप धूळ खात पडले. यात लोकांचा आळस पाहणारे चुकतात. संदेशाचे साधन एकट्याने बदलून भागत नाही. समोरचाही तेथे असावा लागतो, आणि सत्तरीतल्या आजींना ते कुणाला न विचारता वापरता यावे लागते.

स्वदेशी पर्यायांची कथाही विचार करायला लावणारी आहे. २०१२ साली आलेली ‘हाइक’ ही संदेशसेवा नेमकी जानेवारी २०२१ मध्येच बंद पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहोच्या ‘अरट्टाई’कडे लोकांचा ओघ लागला. रोजची नोंदणी ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचे श्रीधर वेंबू यांनी सांगितले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. तथापि त्या वेळी अरट्टाईवरील कॉल पूर्णपणे कूटबद्ध होते, लिखित संदेश नव्हते. ही उणीव दाखवणाऱ्याला स्वदेशीचा विरोधक ठरवणे, हा स्वदेशीचाच घात आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, पण माहितीच्या वाटपावरील पाच वर्षांची बंदी उठवली. एवढ्या मोठ्या कंपनीला असा दंड म्हणजे दुकानाचे भाडे!

खरी मेख अन्यत्र आहे. यूपीआयमध्ये एका अॅपवरून दुसऱ्या अॅपच्या ग्राहकाला पैसे पाठवता येतात. बँक कोणती, हे कुणी विचारत नाही. २०११ पासून मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. मग संदेशच एका कुंपणात का अडकावेत? युरोपने २०२२ च्या डिजिटल बाजार कायद्याने बड्या संदेशसेवांना इतरांसाठी दार उघडण्याचे बंधन घातले आहे. पैशाच्या बाबतीत हे आधीच करून दाखविणाऱ्या भारताने संदेशांच्या बाबतीत मागे राहण्याचे कारण नाही. दार उघडताना कूटबद्धता ढिली होणार नाही, याची काळजी मात्र घ्यावी लागेल, आणि तेच काम अवघड आहे. ते दार उघडले, तर अरट्टाईला आजींना जुना गट सोडायला सांगावे लागणार नाही.