‘उत्तर-आधुनिक’ : वास्तुकलेतील अर्थ आणि मराठी समीक्षेतील वापर

मराठी समीक्षेत ‘उत्तर-आधुनिक’ ही संज्ञा आता इतकी रुळली आहे, की ती वापरताना तिचा अर्थ स्पष्ट करण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. कथनाचा सांधा निखळलेला आहे, निवेदक भरवशाचा नाही, संतवाणीचा एखादा तुकडा कादंबरीत येऊन गेला आहे, एवढ्या सामग्रीवर ती कृती उत्तर-आधुनिक ठरते. ल्योतार व जेमसन यांच्या मतांचा एकेक परिच्छेद जोडला, की प्रबंधाची सैद्धान्तिक चौकट पूर्ण झाली असे मानले जाते. ज्या कलेत या संज्ञेला नेमका आशय आणि प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारे रूप मिळाले, त्या वास्तुकलेचा उल्लेख मात्र बहुधा नावापुरताच असतो. ही उपेक्षा मराठी समीक्षेला महाग पडली आहे.

ही संज्ञा वास्तुकलेत जन्मली असे नव्हे. अमेरिकन साहित्यसमीक्षेत ती आधीच वावरत होती. परंतु वास्तुकलेत तिला एक निश्चित प्रतिपक्ष लाभला. ग्रोपियस, मीस व्हान डेर रोह, ल कॉर्ब्युझिए यांच्या आधुनिक वास्तुकलेने सपाट छप्पर, उघडी रचना आणि अलंकरणाचा त्याग यांना जवळजवळ नैतिक मूल्याचा दर्जा दिला होता. इतिहासाकडे पाठ फिरविणे हा तिचा जाहीरनामा होता. १९३२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनाने या पद्धतीला ‘आंतरराष्ट्रीय शैली’ असे नावही दिले. शत्रू असा ठळक असल्यामुळे बंडही ठळक झाले.

या बंडाचा पहिला समर्थ युक्तिवाद रॉबर्ट व्हेंचुरी यांनी १९६६ साली मांडला. ‘कमी तेच अधिक’ या मीस यांच्या सूत्राला त्यांनी, कमी म्हणजे केवळ कंटाळवाणे, असे खट्याळ उत्तर दिले. त्यांना शुद्धतेपेक्षा संमिश्रता आणि सरळ एकवाक्यतेपेक्षा अंतर्विरोध मोलाचा वाटत होता. फिलाडेल्फियात त्यांनी आईसाठी बांधलेले, १९६४ साली पूर्ण झालेले घर या विचाराचे उदाहरण ठरते. मुलाने काढलेल्या चित्रातल्यासारखा त्याचा त्रिकोणी माथा मध्येच दुभंगलेला आहे. आत कोठेही न पोचणारा एक जिना आहे. पुढे डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझनूर यांच्यासह त्यांनी १९७२ साली लास व्हेगासच्या जाहिरातफलकांचाही गंभीर अभ्यास प्रसिद्ध केला. १९६६ सालीच आल्दो रोस्सी यांनी इटलीत शहराच्या सामूहिक स्मृतीचा विचार मांडला. रोस्सींच्या लेखनात थट्टा नाही. गंभीर, काहीसा शोकमग्न स्वर आहे. एकाच संज्ञेखाली किती भिन्न प्रकृती नांदतात, हे येथेच ध्यानात येते.

चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ सालच्या ग्रंथात या प्रवाहाला नाव दिले आणि ‘द्विसंकेतन’ ही कसोटी पुढे ठेवली. वास्तूने एकाच वेळी जाणकारांशीही बोलावे आणि सामान्य नागरिकाशीही; आधुनिक तंत्र न सोडता लोकांना ओळखीची वाटणारी चिन्हभाषा वापरावी. सेंट लुईस येथील प्रुइट-आयगो ही यामासाकी यांनी रचलेली ३३ इमारतींची वसाहत १९७२ पासून सुरुंग लावून पाडण्यात आली. जेंक्स यांनी तो क्षण आधुनिक वास्तुकलेचा मृत्युक्षण म्हणून घोषित केला. ही घोषणा प्रभावी होती, पण पुरती खरी नव्हती. देखभालीसाठी नसलेला पैसा, शहराची घटती लोकसंख्या आणि वांशिक विलगता यांचा त्या विनाशातील वाटा नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिला. शैलीचा विजय सांगण्यासाठी सामाजिक कारणे झाकली गेली, हा या चळवळीच्या इतिहासलेखनातील मोठा दोष होय.

या दोषाची छाया प्रत्यक्ष वास्तूंवरही पडली. फिलिप जॉन्सन हे १९३२ च्या त्या प्रदर्शनाचे एक संयोजक. त्यांनीच १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये एका दूरध्वनी कंपनीच्या उत्तुंग इमारतीवर जुन्या इंग्रजी कपाटाच्या माथ्यासारखा शिरोभाग बसविला. मायकेल ग्रेव्ह्ज यांची पोर्टलंड येथील पालिका-कार्यालयांची इमारत (१९८२) बाहेरून रंगीत स्तंभांची आणि फितींची आहे. आत मात्र लहान खिडक्यांमुळे कर्मचाऱ्यांच्या वाट्याला अंधार आला, पाणीही गळू लागले. अखेर २०१७ ते २०२० या काळात तिची व्यापक पुनर्रचना करावी लागली. दर्शनी भिंत नागरिकांशी बोलत होती. आत बसणाऱ्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. द्विसंकेतनाची कसोटी जेंक्स यांच्या शिष्यांपेक्षा या इमारतीनेच अधिक कठोरपणे लावली, असे म्हणावे लागते.

मराठीच्या संदर्भात प्रश्न उभा राहतो तो हा, की येथे प्रतिपक्ष कोणता? आधुनिक वास्तुकलेने इतिहास हद्दपार केला होता, म्हणून इतिहासाचे पुनरागमन हे तेथे बंड ठरले. मराठी नवकाव्याने तसे केलेच नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात यंत्रयुगातील महानगराचा अनुभव अभंग-ओवीच्या घाटात अवतरतो. संतांचा स्वर आणि गिरणीचा भोंगा तेथे एकत्र ऐकू येतात. म्हणजे ज्याला जेंक्स द्विसंकेतन म्हणतात, त्याचा एक प्रकार मराठी आधुनिकतेच्या आरंभीच उपस्थित आहे. असे असताना पुढच्या पिढीतील एखाद्या कवीने अभंग हाताळला म्हणून त्यास उत्तर-आधुनिक ठरविणे हे आपल्याच वाङ्मयेतिहासाचे विस्मरण होय. देशीवादाला या संज्ञेचा भाऊबंद मानण्याची प्रवृत्तीही याच विस्मरणातून येते. व्हेंचुरींच्या भूतकाळाशी असलेल्या नात्यात खेळ व उपरोध आहे; देशीवादाच्या नात्यात निष्ठा आहे. दोहोंत परंपरा आहे, एवढ्यावरून दोन्ही एक होत नाहीत.

वास्तूचे निकष साहित्याला लावू नयेत, असा आक्षेप यावर घेतला जाईल. इमारतीत माणसे राहतात, तिला मालक आणि अंदाजपत्रक असते. कविता या बंधनांतून मुक्त असते. आक्षेप रास्त आहे. परंतु येथे निकष उसने घेण्याचा मुद्दा नसून पद्धती शिकण्याचा आहे. शैलीचे नाव उच्चारण्यापूर्वी ती कशाला नकार देते, कोणासाठी देते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न वास्तुकलेतील वादाने अपरिहार्य केले.

हेच प्रश्न मराठी कृतींना विचारले गेले, तर ‘उत्तर-आधुनिक’ म्हणून गणल्या गेलेल्या काही कादंबऱ्या त्या यादीतून गळतील, आणि ज्यांना आपण निव्वळ ‘आधुनिक’ मानून मागे टाकले, त्या कृतींकडे पुन्हा वळावे लागेल. त्यात तोटा काहीच नाही. संज्ञा कृतीच्या दर्शनी भागावर रंगविण्यापेक्षा आत प्रकाश कितपत पोचतो हे पाहणे, हेच समीक्षेचे काम आहे.