बंदूक घरात ठेवायची? आधी नळी मोजा!

रील्स स्क्रोल करताना अमेरिकेतले ‘होम डिफेन्स’चे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पलंगाशेजारी ठेवलेली आखूड शॉटगन आणि ती अरुंद पॅसेजमध्येही कशी पटकन वळते याचं कौतुक! आपल्याकडे अशी बंदूक चालते का? उत्तर एका मापात आहे : वीस इंच.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ याबाबत स्पष्ट आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, असं ते सांगतं. पोलीस चौकशी आणि बाकीच्या अटी अर्थातच आल्या. ही बंदूक म्हणजे आपल्या आजोबांची ‘बारा बोअर’. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूकही याच कलमात आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवं असेल, तर मात्र सबळ कारण पटवून द्यावं लागतं.

नळी वीस इंचांच्या खाली गेली की सगळंच बदलतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अशी बंदूक पहिल्या श्रेणीत, म्हणजे प्रतिबंधित बोअरच्या शस्त्रांसोबत जाते. तिचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, विषय थेट केंद्राकडे जातो. घरच्या बंदुकीची नळी विनापरवाना कापून आखूड केली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप!

एवढी कडक शिक्षा कशासाठी? लांब बंदूक घर राखते, पण ती लपत नाही. आखूड बंदूक जर्किनखाली मावते. अमेरिकेनेही १९३४ पासून शॉटगनसाठी १८ इंचांची रेघ मारली आहे. तिथे साधारण १४ इंची नळीच्या, खांद्याला टेकवायचा दस्ता नसलेल्या बंदुका ‘शॉटगन’च्या व्याख्येतूनच निसटतात आणि विकल्या जातात. आपल्या कायद्यात ती फट नाही.

भीती खरी आहे

आपल्या जिल्ह्यात हा विषय फक्त रील्सपुरता नाही. पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीवर जानेवारी २००१ मध्ये पडलेला दरोडा लोक अजून विसरलेले नाहीत. उसाच्या पट्ट्यात बिबट्याची धास्ती रोजचीच. शेतातल्या एकट्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाने बंदूक मागितली, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. कायदाही त्याच्या बाजूने उभा राहतो. रात्री घर फोडून कुणी आत शिरत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली, तर हे संरक्षण उरत नाही.

दुसरी बाजूही आपल्या जवळचीच आहे. एप्रिल २०१८ मध्ये केडगाव आणि जामखेडला गोळीबार झाले, दोन्ही ठिकाणी दोन-दोन जीव गेले. ‘गावठी कट्टा जप्त’ ही बातमी तर इतकी नेहमीची की आपण ती वाचतही नाही. कट्टा कुठल्याच श्रेणीत, कुठल्याच मापात बसत नाही. तो फक्त खिशात बसतो.

परवान्याने तरी सगळं सुटतं का? शेजारच्या बीडकडे बघा. तिथे बाराशेच्या वर परवाने असल्याचं समोर आलं, हवेत गोळीबाराचे व्हिडिओ फिरले आणि २०२५ मध्ये शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. संरक्षणासाठी घेतलेली बंदूक कमरेला लावून मिरवायची वस्तू झाली होती.

आता तुमच्या-माझ्या वयाचं. २१ पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूकही बहुतेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.

वीस इंचांचा नियम बरोबरच आहे आणि तो तसाच राहायला हवा. पण वस्तीवरच्या माणसाला रात्री दोन वाजता नियम नाही, माणसं हवी असतात. आपल्याकडे ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल फ्री नंबरवर बोललं की गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी तोच आवाज जातो. तुमच्या गावात ती सुरू आहे का, घरातले नंबर तिच्यात नोंदवलेत का? या शनिवार-रविवारी गावी गेलात, तर एवढं विचारून या.