उघडं आहे म्हणजे सोडून दिलेलं नाही

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सोबत तिचे अब्बा होते. मुलगी संगणकाच्या पदवीला आहे. कॉलेजात गिटहबवर खातं उघडायला सांगितलं. आपण लिहिलेला कोड तिथं ठेवायचा, उद्या नोकरी देणारे तोच बघतात. अब्बांचा सवाल सरळ होता, "मॅडम, लडकी का नाम वहाँ कायकू डालना? वो बुल्ली बाई वाला उधरीच हुआ था ना?"

मारेगावात बसून हा बाप ते नाव विसरला नव्हता. मीही विसरलेले नाही.

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई'. दोन्ही गिटहबवर ठेवलेली ॲप. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा मुस्लिम बायकांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला होता. दुसऱ्या वेळी शंभराच्या आसपास बायका होत्या, त्यात बेपत्ता विद्यार्थी नजीब अहमदची वयस्क आईसुद्धा. हे करायला मोठी विद्या लागली नाही. उघड्यावरचं वेचलं, एकत्र केलं, झालं.

उघड्यावरची माहिती वेचून जोडण्याला 'ओपन सोर्स इंटेलिजन्स' असं भारदस्त नाव आहे. पोलीस, पत्रकार, सुरक्षा तज्ज्ञ सगळे ते करतात. कोड लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ते फारच सोपं. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवला जातो, त्याला 'कमिट' म्हणतात. त्या नोंदीत लिहिणाऱ्याचं नाव, ई-मेल, तारीख, वेळ आणि टाइम झोन जातो. पानावर ई-मेल दिसला नाही तरी मूळ नोंदीत तो असू शकतो. वर्षभराच्या नोंदी मांडल्या तर पोरगी रात्री किती वाजेपर्यंत जागते, परीक्षेत कधी गुंतते, हेही कळतं. तेच टोपणनाव दुसऱ्या साइटवर वापरलं असेल तर तिथला फोटोही हाती लागतो. एकेक गोष्ट क्षुल्लक, पण एकत्र केली की घराचा पत्ता होते.

काही जण म्हणतात, मग हेच हत्यार आपणही वापरू, गुन्हेगार आपणच शोधू. मला हे पटत नाही. कमिटमधलं नाव आणि ई-मेल लिहिणारा स्वतः टाकतो. तो खरा आहे का, हे गिट तपासत नाही. बुल्ली बाईच्या आरोपींनी शीख वाटतील अशी नावं घेतली होती, हे मुंबई पोलिसांनीच सांगितलं. त्या नावांवर भरवसा ठेवून आपण घरबसल्या शोध लावला असता, तर भलत्याच समाजावर बोट गेलं असतं. नेमकं तेच त्यांना हवं असावं.

शोध कायद्याच्या वाटेनं लागायला हवा आणि वेळेत लागायला हवा. सुल्ली डील्सची तक्रार दिल्लीत नोंदली गेली, पण सहा महिने एकही अटक नाही. बुल्ली बाईची तक्रार मुंबईत नोंदली आणि काही दिवसांत बंगळुरू व उत्तराखंडातून अटका झाल्या. दिल्ली पोलिसांनी आसाममधून एकाला पकडलं आणि मग सुल्ली डील्सचा धागा इंदूरपर्यंत गेला. सगळे तरुण, त्यात एक अठरा वर्षांची मुलगी. आधीच्या सहा महिन्यांच्या शांततेनंच दुसऱ्यांदा हिंमत दिली, असं मला वाटतं.

आता कायदा बघा. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक खिडकी उघडी ठेवली आहे. माणसानं स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच नाही. तिथं दिलेलं उदाहरणही ब्लॉग लिहिणाऱ्या व्यक्तीचं आहे, म्हणजे माझ्यासारखीचं. मी माझा विचार सगळ्यांसाठी मांडते. त्यातून माझं कुटुंब, माझं घर, माझा चेहरा वेचून कुणी तिसरंच काही रचावं, याला मी होकार दिलेला नाही. अंगणात कपडे वाळत घातले म्हणून ते कुणीही उचलून न्यावेत, असं होत नाही. कायद्यानं हा फरक ओळखला पाहिजे, आणि अशा साइट चालवणाऱ्या कंपन्यांनी ई-मेल लपवण्याची सोय नवख्याला पहिल्याच दिवशी दाखवली पाहिजे. सेटिंगच्या चौथ्या पानावर ती शोधायची वेळ येऊ नये.

अब्बांना मी म्हटलं, खातं बंद करू नका. पोरीचं नाव पुसलं तर जिंकलं कोण? तिघांनी मिळून सेटिंग उघडली, ई-मेल लपवला, फोटो काढून टाकला. नाव ठेवलं. तेवढ्यात अब्बांनी विचारलं, "और जो पहले लिखी, उसमें?"

मुलगी म्हणाली, "उसमें तो रहेगा, अब्बू." जुन्या नोंदीतला ई-मेल सेटिंग बदलून जात नाही.

मग तिनं जुनं खातं काढून टाकलं आणि नवं उघडलं, पूर्ण नावानं. अब्बा शेजारी बसून बघत होते.