विश्लेषण : चिखल तोच, तक्रार नवी… ग्रॅव्हल सायकल शर्यतींत नेमके काय बदलले?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे छोटे शहर आहे. दरवर्षी मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला तेथे ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ ही सायकल शर्यत होते. २०१५ मध्ये पावसामुळे शर्यतीच्या सुरुवातीच्या टप्प्यातच चिखल झाला. सायकली खांद्यावर टाकून लोक चालले आणि पुढे त्या चालण्याच्या गोष्टी अभिमानाने सांगत राहिले. २०२३ मध्ये पुन्हा तसाच चिखल झाला, चाके रुतली, अनेकांचे गिअर तुटले. या वेळी मात्र प्रश्न आला, की आयोजकांनी मार्ग का बदलला नाही?

सुरुवात कशी झाली?

ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरमाचा कच्चा रस्ता. एम्पोरियाभोवतीच्या फ्लिंट हिल्स टेकड्यांत असे रस्ते मैलोन्‌मैल आहेत. तिथली गारगोटी इतकी धारदार, की टायर सहज फाटतात. जिम कमिन्स आणि जोएल डाइक यांनी २००६ मध्ये येथे २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत भरवली तेव्हा ३४ जण आले होते. शर्यतीचे नाव होते ‘डर्टी कान्झा’. आयोवा राज्यात ‘ट्रान्स आयोवा’ आदल्याच वर्षी सुरू झाली होती. तिला प्रवेश शुल्कच नव्हते, पोस्टकार्ड पाठवून नाव नोंदवायचे.

या शर्यतींचा अलिखित करार साधा होता. नकाशा तुमचा, पंक्चर तुमचे, चूकही तुमचीच. आयोजक वाट दाखवणार, बाकी हमी कशाचीच नाही. शुल्कच नसेल, तर तक्रार कुणाकडे करणार? सूर्यास्तापूर्वी परतणे ही मोठी फुशारकी मानली जाई.

करार कधी मोडला?

मोडला असे कुणी जाहीर केले नाही, तो झिजत गेला. २०१८ मध्ये ‘लाइफ टाइम’ या व्यायामशाळांच्या कंपनीने ही शर्यत विकत घेतली. २०१९ मध्ये युरोपातील मोठ्या शर्यती खेळणाऱ्या ‘ईएफ’ संघाने आपले सायकलपटू येथे धाडले. त्या वर्षी कॉलिन स्ट्रिकलंडने २०० मैल दहा तासांच्या आत पूर्ण केले. कान्झा हे स्थानिक मूलनिवासी ‘कॉ’ समाजाचे नाव. त्याला ‘डर्टी’ जोडणे अपमानकारक असल्याचा आक्षेप वाढला आणि २०२० मध्ये शर्यतीचे नावही बदलले.

खरा फरक २०२२ मध्ये पडला. ‘लाइफ टाइम’ने सहा शर्यतींची मालिका सुरू केली. तीस पुरुष, तीस महिला आणि अडीच लाख डॉलरची बक्षिसे. त्याच वर्षी ‘यूसीआय’ या जागतिक संघटनेने इटलीत पहिली ग्रॅव्हल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. जिथे पोट भरण्याचा प्रश्न येतो, तिथे नियमांची मागणी आपसूक येते. हँडलला लावायचे एअरो बार एकट्याने दूर जाण्यासाठी उपयोगी असतात, पण घोळक्यात धोकादायक ठरतात. ‘अनबाउंड’मध्ये २०२३ पासून अव्वल गटाला त्यांची बंदी झाली. अशा बदलांवर ‘ग्रॅव्हलचा बाणा हरवला’ अशी हळहळ जुनी मंडळी व्यक्त करतात. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

अपुरी का?

कारण जुना मोकळेपणा सर्वांना सारखा लाभत नव्हता. पूर्वी सगळे एकत्र सुटायचे. सायकलिंगमध्ये पुढच्याच्या आडोशाने चालवले की हवेचा रोध बराच कमी होतो, त्यामुळे कोणता घोळका मिळाला यावर निकाल फिरू शकतो. महिलांच्या शर्यतीत याचा अर्थ असा, की पुरुषांच्या वेगवान घोळक्यात टिकलेली स्पर्धक पुढे जाई. तिची प्रतिस्पर्धी मागे कुठे आहे, हे दोघींनाही कळत नसे. हौशी सहलीत याने बिघडत नाही. वर्षाची कमाई अवलंबून असलेल्या खेळाडूचे मात्र यात नुकसान होते.

महिलांची सुरुवात स्वतंत्र हवी, ही मागणी त्यातूनच पुढे आली. २०२४ मध्ये अव्वल महिलांना पुरुषांपासून आणि मागच्या हौशींपासून मोठे अंतर देऊन सोडण्यात आले. परिणाम लगेच दिसला. ३२० किलोमीटरनंतर नऊ जणी एकत्र अंतिम रेषेकडे धावल्या आणि जर्मनीची रोझा क्लोझर जिंकली. महिलांची अशी खुली झुंज हवी असेल, तर थोडा बाणा गमवावा लागला तरी तक्रार करू नये.

हौशींचे काय?

गर्दीत बहुसंख्य तेच आहेत. आता प्रवेशासाठी सोडत लागते आणि नकाशाच्या कागदाऐवजी जीपीएस वाट दाखवते. शुल्क, प्रवास, सायकल यांवर इतका खर्च केलेल्या माणसाला सुरक्षित मार्ग आणि वेळेवर पाणी हवे असते. ती अपेक्षा गैर म्हणता येत नाही. चिखल टाळण्याची अपेक्षा मात्र तितकी सरळ नाही. डांबरी, धुतलेला रस्ता हवा असेल, तर त्या शर्यती आधीपासून आहेतच.

जुना करार अद्याप एका कोपऱ्यात शिल्लक आहे. सुमारे ३५० मैलांची ‘एक्सएल’ शर्यत आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी सुटते आणि रात्रभर चालते. तिच्या मार्गावर आयोजकांची मदत मिळत नाही. पाणी आणि खाणे स्पर्धकांनी वाटेतल्या गावांतील दुकानांतून, स्वतःच्या पैशाने घ्यायचे.