‘पील’ करायचंय? आधी बाटली बघा!

लगीनसराई जवळ आली की वसमतसारख्या गावातल्या ब्युटीपार्लरमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘ताई, पंधरा दिवसांवर पाहुणे यायलेत, चेहऱ्याचं काहीतरी करा की.’ पूर्वी यावर उत्तर असायचं ब्लीच, नाहीतर फेशियल. आता असतं ‘पील’. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण इथल्या मुलींना हळदीपेक्षा पीलवर भरवसा जास्त!

मैत्रिणींनो, हे पील म्हणजे असतं तरी काय? चेहऱ्याला आम्ल, म्हणजे ॲसिड लावून वरची कातडी सोलून काढायची, की खालून नवी येते. यातली काही आम्लं तशी ओळखीचीच. ग्लायकोलिक उसात असतं, लॅक्टिक आंबट दह्यात. आजी दही-बेसन लावायची ते उगीच नाही. पण बाटलीतल्या आम्लाचा जोर काही औरच. डॉक्टर ग्लायकोलिक 20 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत वापरतात. ते लावल्यावर मिनिटं घड्याळावर मोजायची आणि वेळेत सोड्याच्या पाण्याने त्याचा जोर मोडायचा. आणि गंमत बघा, 30 टक्क्यांची बाटली आणि 70 टक्क्यांची बाटली, दोन्ही दिसायला पाण्यासारखीच. लेबल नसेल तर ओळखायचं कसं?

डॉक्टरच्या हातून झालं तर मुरमांचे डाग, वांग फिकट होतात, हे खरं आहे. जन्माचा रंग मात्र बदलत नाही. उलट आपल्या सावळ्या कातडीला जरा जास्त भाजलं की तिथे काळा डाग उठतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. त्यात पीलनंतर उन्हापासून जपावं लागतं. आपल्याकडे हळद काढणी-शिजवणी आणि लगीनसराई एकाच वेळी येतात. मराठवाड्यातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात शेतावर जाणाऱ्या पोरीने जपायचं तरी कसं?

सगळा दोष पार्लरवाल्या ताईंच्या माथी मारणं मला पटत नाही. त्या बिचाऱ्या थोड्या दिवसांचा क्लास करून पोटापाण्याला लागलेल्या असतात. गिऱ्हाईक मागतं, दुकानदार बाटली देतो. डॉक्टरकडे जायचं तर चाळीसेक किलोमीटरवरचं नांदेड गाठावं लागतं, एक दिवस मोडतो. आणि घरात सांगायचं काय? ‘तोंडासाठी दवाखाना?’ असं सासूबाई विचारणारच. म्हणून सगळं गुपचूप चालतं, आणि खरा धोका या गुपचूपमध्येच आहे.

2022 साली अकोल्यात काय झालं आठवतंय? एकाच घरातल्या तिघींची, कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, मूत्रपिंडं बिघडली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयाची मदत घेतली, तेव्हा धागा सापडला तो एका क्रीमचा. ब्युटीपार्लरवालीकडून घेतलेल्या त्या क्रीममध्ये पारा निघाला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट. ते पील नव्हतं, क्रीम होतं, हे कबूल. पण पील झाल्यावर ‘रात्री हे लावा’ म्हणून हातात पडते ती बिननावाची डबीच ना? सोललेल्या कातडीतून काय आत जाईल, याचा नेम नाही. अशा डब्यांत कधी स्टेरॉइडही असतं. चार दिवस चेहरा उजळतो, मग लाल होतो, केस उगवतात, सोडलं की आग होते. 2018 पासून अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. आपल्या मेडिकलवर ती पाळली जाते का, ते तुम्हीच आठवून बघा.

हे खूळ फक्त आपलंच नाही बरं का. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2024 मध्ये बायकांना बजावलं, की जोराचं पील विकत आणून घरी लावू नका, चेहरा भाजतो.

करायचंच असेल तर बाटलीवरचं नाव आणि टक्के स्वतः वाचा. पोटुशी असाल, मुरमांच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. पाहुणे आठ दिवसांवर आले असतील तर पील नकोच, सोललेली कातडी तोवर चेहऱ्यावर दिसतच राहते. आणि चेहरा आधीच बिघडला असेल तर लाजू नका. नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत घालून न्या, नाव नसलेल्यासुद्धा.