चुकले आकडे, राहून गेले प्रश्न

7 मे 2015 च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीचा विषय निघाला की आपल्या पत्रकारितेच्या व्यवसायात बोलले जाते ते फसलेल्या मतचाचण्यांबद्दल. अखेरपर्यंत बहुतेक चाचण्या हुजूर आणि मजूर पक्षांना बरोबरीत दाखवत होत्या. प्रत्यक्षात हुजूर पक्ष ग्रेट ब्रिटनमध्ये साडेसहा टक्क्यांनी पुढे निघाला आणि 650 पैकी 330 जागा घेऊन एकट्याच्या बळावर सत्तेत आला. पुढे पॅट्रिक स्टर्जिस यांच्या चौकशी समितीने नमुन्यांत मजूर पक्षाचे मतदार जास्त भरल्याचा निष्कर्ष काढला. तो चाचणीवाल्यांचा हिशेब झाला. बातमीदारांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कुणी फारसा मांडत नाही: त्या आकड्यांच्या भरवशावर सहा आठवडे कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते मागे पडले?

बरोबरीचे आकडे रोज छापून येऊ लागल्यावर त्रिशंकू संसद जणू ठरूनच गेली. मग उरला प्रश्न कोण कुणाबरोबर जाणार हा. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या पाठिंब्यावर मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड पंतप्रधान झाले तर काय, ही भीती हुजूर पक्षाने पेरली. मिलिबँड यांना स्कॉटिश नॅशनल पार्टीचे माजी नेते ॲलेक्स सॅमंड यांच्या कोटाच्या खिशात बसवणारे त्यांचे पोस्टर त्यासाठीच होते. वृत्तपत्रांनी ते पीक जोमाने वाढवले. 30 एप्रिलला ‘द सन’च्या लंडन आवृत्तीने हुजूर पक्षाला पाठिंबा दिला आणि त्याच दिवशी त्याच्याच स्कॉटिश आवृत्तीने स्कॉटिश नॅशनल पार्टीला. मालक एकच. सीमेच्या अलीकडे ज्या पक्षाची भीती दाखवायची, पलीकडे त्याचाच जयजयकार करायचा, ही कसरत विनोदी खरी, पण धंद्याच्या गणितात चोख बसणारी होती.

या गदारोळात मागे पडला तो सत्तेवर येणाऱ्या पक्षाचा जाहीरनामा. कल्याणकारी खर्चात 12 अब्ज पौंडांची कपात करू, असे हुजूर पक्ष सांगत होता. तिची फोड मात्र अगदी थोड्या भागाची दिली होती. आघाडी सरकार आलेच तर यातले बरेच काही वाटाघाटीत गळेल, असा समज होता. त्याच 30 एप्रिलच्या रात्री लीड्समध्ये बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’मध्ये प्रेक्षकांतून हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना थेट विचारले गेले, मुले असलेल्या कुटुंबांना मिळणाऱ्या ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ या मदतीला कात्री लावणार का? तसे करायचे नाही, असे त्यांनी सांगितले. प्रश्न नेमका होता, उत्तर नोंदवून ठेवण्याजोगे होते. पण त्या कार्यक्रमातून गाजले ते मिलिबँड यांचे स्कॉटिश नॅशनल पार्टीशी सौदा न करण्याचे विधान आणि मंचावरून उतरताना गेलेला त्यांचा तोल. 8 जुलैच्या अर्थसंकल्पात टॅक्स क्रेडिटवर कात्री चालली. पुढे जन्मणाऱ्या तिसऱ्या मुलापासून ही मदत बंद करण्याची घोषणाही त्यातच होती.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेने ही फोड दिलेली नसल्याचे प्रचारातच दाखवून दिले होते आणि त्याच्या बातम्याही आल्या होत्या. आल्या होत्या, हे मान्य. पण एकदा छापणे आणि उत्तर मिळेपर्यंत रोज विचारत राहणे यांत फरक आहे, आणि रोज विचारले जाण्याचा मान आघाडीच्या तर्कवितर्कांना मिळाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळ्याच चाचण्या एक सांगत असतील तर संपादकाने कशावर विश्वास ठेवायचा? मात्र सगळ्या एकच सांगत नव्हत्या. सर्व्हेशन या चाचणी संस्थेच्या अखेरच्या दूरध्वनी चाचणीत हुजूर पक्ष 37 आणि मजूर पक्ष 31 टक्के, म्हणजे जवळजवळ खरा निकाल आला होता. इतरांपेक्षा वेगळा म्हणून तो त्यांनीच दाबून ठेवला. बातमीदाराला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणे हा चाचणीचा धर्म आहे, आणि तेवढ्याने बहुमताचे पारडे फिरते, हे तर ठाऊक होते. बरोबरीचा आकडा अनिश्चितता सांगत होता. न्यूजरूमने त्याचा अर्थ त्रिशंकूची खात्री असा लावला.

राहता राहिला निष्पक्षतेचा नियम. ब्रिटनमध्ये तो वृत्तवाहिन्यांना लागू आहे, वृत्तपत्रांना नाही, म्हणून दोष वृत्तपत्रांचा, असे म्हणणे सोपे आहे. वाहिन्यांनी पक्षांना न्याय्य वेळ दिला, यात शंका नाही. तो वेळ कोणत्या विषयावर खर्च झाला, हे त्या नियमाने कुणी मोजत नाही. मिलिबँड यांना दहा मिनिटे देऊन ती सगळी स्कॉटलंडवर घालवली तरी नियम पाळलाच जातो. विषय प्रतिस्पर्ध्याने ठरवला, एवढेच.

आपल्याकडे 2024 च्या लोकसभा प्रचारात ‘चारसौ पार’ होणार की नाही याभोवती चर्चा फिरत राहिली, आणि भाजप 240 वर थांबला. घोषणा पक्षाची होती; तिला प्रश्नाचे रूप आपण दिले. पुढच्या निवडणुकीत प्रत्येक डेस्कने निदान एक काम करावे: प्रत्येक प्रमुख पक्षाचा जाहीरनामा तो एकट्याने राज्य करणार असे समजून तपासावा, आणि आकडा न दिलेल्या प्रत्येक आश्वासनाचा प्रश्न मतदानापर्यंत पहिल्या पानावर ठेवावा.