जाळीचा पूल आणि दोन चाके

रस्ता म्हणजे डांबर किंवा काँक्रीट, ही आपली समजूत अमेरिकेतील अनेक नदीपुलांवर मोडीत निघते. तेथे पुलाचा पृष्ठभाग म्हणजे पोलादी पट्ट्यांची उघडी जाळी असते. तिच्या चौकोनांतून खालचे पाणी दिसते आणि चाकांखालून एकसुरी गुणगुण उठते. मोटारीत बसलेल्याला त्या आवाजाची गंमत वाटते. मोटरसायकलवर बसलेल्याच्या पोटात मात्र गोळा येतो. कारण जाळीवर चढताच गाडी आपल्याच मनाने डावीउजवीकडे सरकू लागते. लडाखच्या वाटेवर बेली पुलांचे खडखडणारे पोलादी पत्रे ओलांडणाऱ्या पुण्यामुंबईच्या दुचाकीस्वारांनाही पोलादावरच्या या अस्वस्थतेची चुणूक मिळालेली असते.

विषय वरकरणी तांत्रिक आहे. पण त्याच्या पोटात एक सार्वजनिक प्रश्न दडला आहे. पूल बांधताना आणि चालवताना दोन चाकांवरच्या माणसाचा विचार कोण करते? मुंबईत अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग हे दोन्ही मोठे प्रकल्प २०२४ साली दुचाकींना दार बंद ठेवूनच खुले झाले. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. लोखंडी पूल म्हटला की मराठी वाचकाला १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ कोसळलेला इंद्रायणीवरचा पूल आठवणे साहजिक आहे. पण ती कथा जीर्ण झालेल्या पुलाची आणि त्यावर लोटलेल्या गर्दीची होती. येथे पूल धडधाकट आहे. प्रश्न त्याच्या पाठीवरून चाक कसे जाते, एवढाच आहे.

अशी जाळी बांधतात तरी कशासाठी? एक कारण वजनाचे. शिकागो किंवा सिएटलमध्ये जहाजांना वाट देण्यासाठी पुलाचे पंख वर उचलावे लागतात. त्यावर काँक्रीटचा थर घातला, तर उचलण्याची यंत्रणा आणि समतोल राखणारी वजने त्याच प्रमाणात वाढवावी लागतात. जाळी हलकी असते, शिवाय तिच्यावर पाणी आणि बर्फ साचत नाही. दुसरे कारण वाऱ्याचे आणि ते अधिक रोचक आहे. ७ नोव्हेंबर १९४० रोजी वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल उद्घाटनानंतर अवघ्या चार महिन्यांत, ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्या दुर्घटनेने झुलत्या पुलांचे शास्त्रच बदलले. मिशिगनमध्ये १ नोव्हेंबर १९५७ रोजी खुल्या झालेल्या मॅकिनॉ पुलाचा आराखडा करताना डेव्हिड स्टाइनमन यांनी हा धडा गिरवला. त्यांनी आतल्या दोन मार्गिका जाळीच्या ठेवल्या. खालून आदळणारा वारा जाळीतून आरपार निघून जातो आणि पुलाला उचलू पाहणारा दाब कमी होतो. सुमारे आठ किलोमीटर लांबीचा, ११५८ मीटरचा मुख्य गाळा असलेला हा पूल ६८ वर्षांनंतरही भक्कम उभा आहे.

म्हणजे जाळी ही पुलाच्या सुरक्षिततेची गरज होती. तिची किंमत मात्र दुचाकीस्वाराच्या वाट्याला आली.

ही किंमत नेमकी कसली, हे समजून घ्यायला हवे. कारण भीती आणि धोका या येथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जाळीवर टायर सपाट टेकत नाही, पट्ट्यांच्या कडांवर तुकड्यातुकड्यांनी टेकतो. टायरवरच्या खाचा त्या कडांना लागतात आणि पुढचे चाक किंचित बाजूला ढकलले जाते. परंतु मोटरसायकलच्या पुढच्या चाकाची ठेवणच अशी असते, की ते जमिनीला जेथे टेकते तो बिंदू हँडलच्या अक्षरेषेच्या थोडा मागे राहतो. त्यामुळे ढकललेले चाक आपोआप सरळ दिशेला परतते. ढकलले जाणे आणि परतणे, हा खेळ सतत चालू असतो आणि चालकाला तो डळमळ म्हणून जाणवतो. बिथरलेला चालक हँडल आवळतो आणि चाकाचे हे स्वाभाविक परतणेच अडवतो. मग खांद्यांतला ताण हँडलमध्ये उतरतो आणि मुळात निरुपद्रवी असलेली डळमळ खरोखरच वाढते.

म्हणूनच अमेरिकेतील मोटरसायकल प्रशिक्षणाच्या पुस्तिका या बाबतीत जो सल्ला देतात, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. गाडी थोडी हलू द्या, तिच्याशी झगडू नका. वेग कमी करायचा असेल तर जाळी सुरू होण्याआधी करा. जाळीवर आल्यावर तो स्थिर ठेवा. पकड सैल, गुडघे टाकीला लागलेले आणि नजर दूर, पुलाच्या टोकाकडे असावी. खाली जाळीतून पाण्याकडे पाहणारा चालक हमखास बिचकतो. मार्गिका बदलणे, एकदम ब्रेक दाबणे किंवा गाडी तिरकी करणे टाळावे. डळमळ चुकवण्यासाठी नागमोडी जाणे हे त्या डळमळीपेक्षा कितीतरी घातक, असे या पुस्तिका बजावतात. पुढच्या वाहनाशी अंतर मात्र नेहमीपेक्षा अधिक हवे, कारण अचानक थांबण्याची मुभा येथे नसते.

खरा धोका पावसात असतो. ओल्या पोलादावर टायरची पकड डांबराच्या तुलनेत फारच कमी होते. नव्या जाळीच्या पट्ट्यांना दाते असतात, तेवढाच काय तो आधार. पण वर्षानुवर्षांच्या रहदारीने ते झिजून गुळगुळीत होतात. आणि पडलेल्या माणसाला ही जाळी किसणीसारखी लागते. हातमोजे आणि जाड जाकीट हा अशा वेळी हौसेचा भाग राहत नाही.

मॅकिनॉ पुलाचा कारभार पाहणाऱ्या प्राधिकरणाने यावर काढलेला मार्ग साधा आहे. पुलाच्या बाहेरच्या दोन मार्गिकांवर पक्का थर आहे. त्या दुचाकींसाठी म्हणून बांधलेल्या नव्हेत, पण दुचाकीस्वारांनी त्याच वापराव्यात असे त्यांना सांगितले जाते. पुलावरची वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर आहे. दुरुस्तीसाठी बाहेरची मार्गिका बंद असेल तर जाळीवरून जावेच लागते आणि तेव्हा वरचा सल्ला कामी येतो. सायकलला या पुलावर मनाई आहे; मात्र प्राधिकरणाची गाडी शुल्क घेऊन सायकलस्वाराला सायकलीसह पलीकडे पोहोचवते. देशपातळीवरही, रस्त्यांवरील चिन्हांच्या संघराज्यीय नियमावलीच्या २००९ च्या आवृत्तीत ‘पुढे धातूचा पूल आहे’ असा इशारा देणारा फलक आणि त्याखाली लावायची मोटरसायकलच्या चित्राची पट्टी यांना स्थान मिळाले. धोका सर्वांना सारखा नाही, दोन चाकांवर तो वेगळा आहे, ही कबुली त्या चित्रात आहे.

अर्थात तिकडचे सारेच गोमटे आहे, असे मानण्याचे कारण नाही. जाळीबद्दल इतकी काळजी घेणाऱ्या याच मिशिगन राज्याने २०१२ साली सरसकट हेल्मेटसक्ती उठवली. २१ वर्षांवरील चालकाला काही अटींवर उघड्या डोक्याने जाण्याची तेथे मुभा आहे. स्वातंत्र्याच्या कल्पनेपुढे शहाणपण कसे लंगडे पडते, त्याचा हा नमुना.

आता आपल्याकडे पाहू. अशा उघड्या जाळीचे पूल आपल्या शहरांत नाहीत, पण चाकाखाली पोलाद येण्याचे प्रसंग रोजचे आहेत. उड्डाणपुलांचे प्रसरण सांधे, पर्जन्यवाहिन्यांवरच्या जाळ्या, रेल्वे फाटकातले रूळ, मेट्रोच्या खोदकामावर अंथरलेले पत्रे ही त्यांतली काही. सरळ पुलावरचा आडवा सांधा सरळ उभ्या गाडीला सहसा त्रास देत नाही. तोच सांधा वळणाच्या उतारावर आला, की तेथे गाडी आधीच कललेली असते. त्यात पहिल्या पावसाने रस्त्यावरचे तेल वर आणलेले असते. मग चाक सरकायला निमित्त लागत नाही. हा दोष चालकाच्या नावावर मांडणे सोपे. पण वळणावर सांधा कोठे आणि कसा बसवायचा, हे चालक ठरवत नाही.

ही किरकोळ तक्रार नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे ज्या वाहनावर होतात, त्याच्या चाकाचा विचार पुलाच्या आराखड्यात शेवटी करून कसे चालेल?

आपल्याकडचे उत्तर बहुधा बंदीचे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१० पासून जे. जे. उड्डाणपूल आणि आता अटल सेतू व किनारा मार्ग, ही यादी लांबतच चालली आहे. खाडीवरचा वारा आणि मोटारींचा वेग पाहता काही ठिकाणी बंदीचे समर्थन होऊ शकेल. परंतु बंदीमुळे दुचाकीस्वार नाहीसा होत नाही. जे. जे. पुलावर मज्जाव झालेला माणूस खाली महंमद अली रोडच्या गर्दीतून जातो. शिवडीहून उरणकडे निघालेला अटल सेतूचे २१.८ किलोमीटर टाळून वाशीच्या खाडीपुलावरून, अवजड वाहनांच्या शेजारून वळसा घेतो. मॅकिनॉच्या कारभाऱ्यांनी सायकलला मनाई करताना तिला पलीकडे नेण्याची सोयही केली. आपल्या आदेशांत हा दुसरा भाग नसतो.

जेथे बंदी नाही, तेथे करण्याजोगे तर पुष्कळ आहे आणि ते फारसे खर्चिकही नाही. सांध्यांच्या पोलादी कडा आणि मेट्रोचे पत्रे खरखरीत लेप देऊन वापरता येतात. पत्र्यांच्या कडा रस्त्याच्या पातळीत बसवता येतात आणि निखळलेले बोल्ट आवळण्याची जबाबदारी कंत्राटात लिहिता येते. पर्जन्यवाहिनीच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने न बसवता आडव्या बसवायला तर अधिक पैसेही लागत नाहीत. निसरड्या रस्त्याचा त्रिकोणी फलक आपल्या नियमांत आहेच. तो मेच्या अखेरीस, पहिल्या सरीपूर्वी, वळणावरच्या सांध्यांआधी लावता येईल.